गवतकापणी यंत्राच्या गिअर बॉक्समधील तेल

(सुरत येथे मराठी भाषिक ट्रॅक्टरचालक, यंत्रधारक शेतकरी, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आजचा विषय तसा फार लहान आहे. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या गवतकापणी यंत्राच्या गिअर बॉक्समध्ये लिटर-दीड लिटर, मोठे यंत्र असल्यास त्याहून थोडे अधिक तेल असते. त्या तेलाविषयी भाषण करावे असे काय आहे, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु ऐन कामाच्या दिवसांत बंद पडलेली जी यंत्रे माझ्याकडे पाहण्यासाठी आली, त्यांपैकी बहुतेकांची कहाणी या थोड्याशा तेलापासूनच सुरू झालेली होती. आणि त्यांतील एकाही यंत्राच्या बाबतीत दोष तेलाचा नव्हता. तेल केवळ सांगत होते. ऐकणारा कोणी नव्हता.

येथे बसलेल्यांपैकी अनेक जण तापीच्या काठाने वर वर गेले तर आपापल्या गावांच्या आसपास पोहोचतील. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या स्थानकांतून आलेली कितीतरी कुटुंबे आज उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत स्थायिक झाली आहेत. त्यांतील बहुतेक गिरण्यांत व मागांवर गेले, तरी काही जण ट्रॅक्टर चालवितात, काही यंत्रे दुरुस्त करतात, आणि दर हंगामात ऊसतोडीसाठी येणाऱ्यांची संख्या तर निराळीच. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या व काकरापारच्या पाण्यावर या जिल्ह्यात ऊस पसरला. सायण, बारडोली, चलथाण येथील साखर कारखाने आपणांस परिचित आहेतच. ऊस तुटून गेला की रानात पाचट उरते. ते पेटवून देण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. पण ज्यांना खोडव्यात ओल टिकवावयाची आहे आणि जमिनीस सेंद्रिय खत द्यावयाचे आहे, ते पाचटाची कुट्टी करून सरीत पसरवितात. त्यासाठी ट्रॅक्टरवरील कुट्टी यंत्र लागते. आंबा-चिकूच्या बागांतील व कालव्याच्या काठावरील गवतासाठी फिरत्या पात्यांचे कापणी यंत्र लागते. दोन्हींची रचना वेगळी असली तरी दोहोंच्या माथ्यावर गिअर बॉक्स असतोच. मी आज मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी बोलणार आहे.

या गिअर बॉक्सचे काम सोपे आहे. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. आडवा फिरतो, मिनिटाला ५४० फेरे. पाती फिरवावयाची तर उभा दांडा फिरला पाहिजे. म्हणून तिरकस दात्यांचे दोन गिअर एकमेकांत काटकोनात बसविलेले असतात. त्यांत फेऱ्यांचा वेग वाढविलाही जातो. दोन्ही दांडे बेअरिंगवर फिरतात, आणि दांडा जेथे पेटीबाहेर पडतो तेथे रबरी ओठाचे ऑईल सील असते. उभ्या दांड्याचे खालचे सील हे सर्वांत दुबळे स्थान होय, कारण पेटीतील तेल अहोरात्र त्याच्यावर उभे असते आणि त्याच्याच खाली हातभर अंतरावर चिखल, दगड, गवत यांचे तांडव चाललेले असते.

तेल कमी झाले की आपण काय करतो? वरचे झाकण काढून ओततो. चार दिवसांनी पुन्हा ओततो. एका चालकाने मला अभिमानाने सांगितले की त्याच्या यंत्राला तो "रोज सकाळी चहासारखे" तेल पाजतो. ते तेल जाते कोठे, हे त्याने पाहिलेले नव्हते. तेल भरणे ही दुरुस्ती नव्हे, एवढी एक गोष्ट आपण येथून बरोबर नेली तरी पुष्कळ झाले.

तेव्हा प्रथम गळती शोधण्याविषयी. यंत्र चालू असताना पात्यांचा वारा तेलाला चारी दिशांना उडवितो, आणि ते ओघळून सर्वांत खालच्या सांध्याशी जमते. म्हणून जेथे ओले दिसते तेथेच गळते असे समजू नये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. गिअर बॉक्स रॉकेलच्या फडक्याने अगदी कोरडा पुसून घ्यावा. त्यावर चुन्याची किंवा चाळलेल्या राखेची भुकटी फुंकरावी. दहा मिनिटे यंत्र बिनकामाचे चालवावे, बंद करावे, आणि मग पाहावे. पांढऱ्या भुकटीवर पहिला काळा डाग जेथे उमटेल तेथे गळती. बाहेर डागच नाही आणि तेल मात्र उतरते, असे असेल तर ते खालच्या सीलमधून पात्यांच्या आसावर पडत आहे आणि गवताबरोबर उडून जात आहे. अशा यंत्राच्या पोटाखाली गवताचा भुसा व तेल मिळून लापशीसारखा थर जमलेला असतो.

येथे एक सूचना मोठ्या आवाजात देतो. पोटाखाली पाहण्यापूर्वी इंजिन बंद, पी.टी.ओ. सुटलेला, किल्ली खिशात. आणि यंत्र केवळ हायड्रॉलिकवर उचललेले नसावे. त्याखाली लाकडी ठोकळे दिलेच पाहिजेत. हायड्रॉलिकचा दाब उतरण्यास वेळ लागत नाही आणि तो सांगून उतरत नाही. इंजिन बंद केल्यावरही पाती काही काळ फिरत राहतात, हे नव्या माणसास ठाऊक नसते.

सील का जाते, याची कारणे पुष्कळ आहेत. पण सुरतेचे म्हणून एक खास कारण आहे आणि ते मला इतरत्र क्वचितच आढळले. हे कापडाचे शहर आहे. कारखान्यांच्या आसपासच्या रस्त्यांच्या कडेला, नाल्यांच्या काठाला गवतात नायलॉन व पॉलिएस्टरच्या धाग्यांचे गुंते, चिंध्या, पॅकिंगच्या पट्ट्या पडलेल्या असतात. गवत कापताना हा धागा पात्यांच्या आसाभोवती गुंडाळला जातो. वेगाने व घर्षणाने तो तापतो, वितळतो, घट्ट होतो आणि सीलच्या ओठाखाली करवतीसारखा शिरतो. पाचटाचे तंतू, सुतळी हेही असेच करतात, परंतु ते कुजतात तरी. हा धागा कुजत नाही. अशा जागी काम केल्यास संध्याकाळी यंत्राखालचा गुंता चाकूने कापून काढणे हा दिवसाच्या कामाचाच भाग समजावा.

सील बदलतानाही घाई नडते. जुन्या सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी. तेच आकडे नव्यावर हवेत. स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे राहिली पाहिजे. दांड्याच्या खाचांवरून सील सरकविताना खाचांना चिकटपट्टी गुंडाळावी, नाही तर नवे सील बसण्यापूर्वीच फाटते. दांड्यावर जेथे सीलचा ओठ घासतो तेथून नख फिरवावे. नख अडकले तर तेथे चर पडला आहे, आणि त्यावर कितीही सीले बसविली तरी ती टिकणार नाहीत. आणखी एक. दांडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली व आडवा हलवून पाहावा. तो खडखडला तर रोग बेअरिंगचा आहे. एक पाते नवे आणि एक झिजलेले असे लावून यंत्र चालविणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. वजन असमान झाले की दांडा थरथरतो, बेअरिंग खिळखिळे होते, सील गळते. आणि आपण सील बदलीत राहतो.

मी स्वतः या बाबतीत फसलो आहे, तेही सांगतो. कालव्याच्या काठावर काम करणाऱ्या एका यंत्राचे खालचे सील मी दोन वेळा बदलले. दांडा चांगला, बेअरिंग चांगले, पाती सारखी. तरी आठवड्यात तेल बाहेर. तिसऱ्या वेळी जवळच्या शाळेतील एक शिक्षक उभे राहून पाहत होते. त्यांनी विचारले, "आतली हवा तापल्यावर जाते कोठे?" मी वर पाहिले. गिअर बॉक्सच्या माथ्यावर ब्रीदर असतो, बारीक छिद्राचा बोल्ट म्हणा. खंडेनवमीच्या पूजेसाठी यंत्राला झकास लाल रंग दिलेला होता आणि त्या रंगाने ते छिद्र बुजून गेले होते. शिटी बंद पडलेल्या कुकरासारखी पेटीची अवस्था झाली होती. तापलेली हवा सर्वांत कच्च्या ठिकाणाहून, म्हणजे सीलमधून, तेलाला बाहेर ढकलीत होती. बारीक तारेने छिद्र मोकळे केले. त्यानंतर ते सील पूर्ण हंगाम टिकले. माझी दोन सीले आणि दोन दिवस वाया गेले ते गेलेच.

आता उलट प्रकार. तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसते आणि मालकास आनंद होतो. तो आनंद करू नये. तेल आपोआप वाढत नाही. आत पाणी गेलेले असते. या भागात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, समुद्र जवळ, हवेत दमटपणा. दिवसभर तापलेली पेटी रात्री थंड होताना ब्रीदरमधून दमट हवा आत ओढते आणि तिचे पाणी आतल्या भिंतींवर सुटते. हे झाले थेंबाथेंबाने. त्याहून मोठे कारण आपले धुण्याचे प्रेम आहे. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याचे तोंड थेट सीलवर व ब्रीदरवर धरले, आणि त्यातही पेटी गरम असताना, तर पाणी आत गेल्याशिवाय राहत नाही. दुधाळ, ताकासारखे दिसणारे तेल म्हणजे पाणी मिसळलेले तेल. शंका असल्यास यंत्र रात्रभर सपाट जागी उभे ठेवावे आणि सकाळी खालचा ड्रेन प्लग अगदी किंचित सैल करून पहिले चमचाभर तेल काढावे. सुटे पाणी जड असल्याने प्रथम तेच येते. आणखी एक घरगुती परीक्षा आहे. तापलेल्या तव्यावर त्या तेलाचे दोन थेंब, दोनच, लांबून टाकावेत. फोडणीत पाणी पडल्यासारखे तडतडले तर पाणी आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, ते दिवस येथील अनेकांनी पाहिले आहेत. अशा पुरात बुडालेल्या यंत्रात केवळ पाणी नव्हे तर पिठासारखा बारीक गाळही जातो. तो तेलात मिसळला की दात्यांवर व बेअरिंगवर घासणीच्या भुकटीसारखे काम करतो. म्हणून पुरातून निघालेले यंत्र "चालते का बघू" म्हणून सुरू करणे हा सर्वांत महागडा प्रयोग होय. तेल काढून टाकावे, वरचे झाकण उघडावे, डिझेलने आतील भाग धुवावा, दांडा हाताने फिरवून पाहावा. पी.टी.ओ. जोडून डिझेलवर यंत्र फिरवू नये, कारण डिझेल दात्यांचे रक्षण करीत नाही. बेअरिंग खरखरले तर बदलावे. मग नवे तेल भरून थोडा वेळ हलके चालवावे, ते तेल गरम असतानाच काढावे, आणि पुन्हा नवे भरावे. तेल दोनदा लागते खरे, परंतु गिअरची जोडी त्याच्या कितीतरी पट महाग आहे.

तेल कोणते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्या गॅरेजांत "नव्वद नंबर" आणि "एकशे चाळीस नंबर" असे म्हणतात. एकशे चाळीस हे अधिक घट्ट. यंत्राच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच घालावे. पुस्तिका हरविली असेल, आणि ती बहुधा हरविलेलीच असते, तर त्याच बनावटीच्या विक्रेत्याकडून माहिती घ्यावी. बहुतेक कापणी यंत्रांना अतिदाब सहन करणारे नव्वद नंबरचे गिअर तेल चालते. इंजिनमधून काढलेले जळके ऑईल मात्र कदापि नको. त्यात काजळी, डिझेलचा अंश आणि आम्ल असते. ते इंजिनास नको झाले म्हणूनच तर आपण काढले. गळती थांबविण्यासाठी तेलाऐवजी ग्रीस कोंबण्याचा उपाय मी पुष्कळ ठिकाणी पाहिला. गिअर फिरला की तो घट्ट ग्रीस बाजूला सारून स्वतःपुरती वाट करतो आणि मग कोरडाच फिरत राहतो. वरचे बेअरिंग तर उपाशीच मरते. ज्या थोड्या यंत्रांना निर्मात्याने पातळ ग्रीस सांगितले आहे त्यांची गोष्ट वेगळी.

तेल जास्त भरणे हेही कमी भरण्याइतकेच वाईट. पेटीच्या बाजूस लेव्हल प्लग असतो. यंत्र सपाट उभे असता त्या भोकाच्या काठाशी तेल आले की पुरे. गळ्यापर्यंत भरले तर गिअर ते घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते, हवेने वंगण होत नाही, पेटी तापते. ताप किती हे पाहण्यास उपकरण नसले तरी चालते. काम थांबवून व पी.टी.ओ. सोडून पेटीस हात लावावा. चार-पाच सेकंद हात ठेववला तर ठीक. चटकन काढावा लागला तर कारण शोधावे. पाण्याचा थेंब टाकताच चुर्र झाले तर त्या दिवशीचे काम तेथेच थांबवावे. बोथट पाती हे तापण्याचे एक कारण आहे आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. बोथट पाते गवत कापीत नाही, झोडपते. तो सारा भार गिअरच्या दातांवर येतो.

आता ज्या प्रकरणासाठी मी खरोखर हे भाषण स्वीकारले त्याकडे येतो. खानदेशातून आलेला एक तरुण चालक या जिल्ह्यात भाड्याच्या यंत्रावर कामास होता. यंत्राचा गिअर बॉक्स फुटला. तेल नव्हते, असा ठपका ठेवून मालकाने त्याचा महिन्याचा पगार अडवून धरला. पेटीत तेल नव्हते हे खरेच होते. मी ती उघडली तेव्हा पुढच्या आडव्या दांड्याचे बेअरिंग चुरा झालेले, सील बाहेर फेकले गेलेले. परंतु पी.टी.ओ. शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या वेगळ्या केल्या तर आतल्या नळीचे टोक ठोकून ठोकून आरशासारखे चकाकत होते. ते यंत्र महिन्यापूर्वी एका ट्रॅक्टरवरून काढून दुसऱ्यावर जोडले होते. दुसऱ्या ट्रॅक्टरवर पी.टी.ओ. आणि यंत्र यांतील अंतर कमी होते. शाफ्ट तेवढा कापून आखूड करावयास हवा होता. तो केला नाही. यंत्र उचलताना एका विशिष्ट उंचीवर शाफ्टला आत सरकण्यास जागाच उरत नसे आणि तो घणासारखा गिअर बॉक्सच्या दांड्यावर आदळे. बेअरिंग गेले म्हणून सील गेले, सील गेले म्हणून तेल गेले. चालकाचा दोष असलाच तर एवढाच की वळताना तो पी.टी.ओ. न सोडता यंत्र उंच उचलीत असे. मी हे सर्व मालकास नळीचे टोक दाखवून समजाविले. त्याने पगार दिला. पुरावा हातात नसता तर दिला असता की नाही, सांगता येत नाही.

म्हणून एका यंत्रावर अनेक ट्रॅक्टर बदलणाऱ्यांनी, अवजारे भाड्याने देणाऱ्या संस्थांनी आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक जोडणीच्या वेळी यंत्र हळूहळू पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत उचलून पाहावे. शाफ्ट सर्वांत आखूड होतो त्या स्थितीतही नळीस आत सरकण्यास दोन-तीन बोटे जागा उरली पाहिजे, आणि सर्वांत लांब होतो तेव्हा नळ्या एकमेकींत पुरेशा अडकलेल्या राहिल्या पाहिजेत. आणि एक वही यंत्राबरोबर असावी. किती तास चालले, कोणत्या तारखेस तेलाची पातळी पाहिली, किती घातले, रंग कसा होता, कोणत्या ट्रॅक्टरवर होते. ही वही मालकाच्या नव्हे तर चालकाच्या हस्ताक्षरात असावी. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांच्यासाठी गावातील शिक्षकांनी एक पान आखून द्यावे, चार रकान्यांचे. एवढी विनंती मी करतो. वरील प्रकरणात अशी वही असती तर त्या मुलास महिनाभर उधारीवर जेवावे लागले नसते.

नव्या यंत्राचे पहिले तेल सुमारे ५० तासांनी बदलावे, कारण नवे दाते एकमेकांत बसताना बारीक कीस सुटतो. प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप दिसेल. त्याने घाबरू नये. बोटाला टोचणारे कण, चमकणारे तुकडे, पितळी रंगाची चकती असे काही आले तर पेटी उघडण्याची वेळ झाली. पुढे दर हंगामास एकदा, शक्य तर पावसाळा संपताच, तेल बदलावे. काढलेले तेल कालव्यात ओतू नये. त्याच कालव्याचे पाणी खाली कोणी तरी पिकाला व गुरांना देणार असते. डब्यात साठवून ते जुने तेल विकत घेणाऱ्यास द्यावे.

बोलणे पुष्कळ झाले. बाहेर अंगणात एक यंत्र उभे आहे. काल संध्याकाळी ते काम करून आले आणि मी ते रात्रभर हलवू नये असे सांगून ठेवले होते, यासाठी की आत पाणी असलेच तर तळाशी बसावे. मालकाचे म्हणणे असे की तेल कमी होत नाही, उलट थोडे वाढल्यासारखे वाटते. पाना आणि रिकामा डबा तेथे ठेवलेला आहे. चालक बंधूंनी पुढे यावे. प्लग त्यांच्यापैकीच कोणी सैल करील.